शेव्हेलच्या ३५० इंजिनाला टर्बो लावावा का? निर्णयापर्यंतच्या आणि नंतरच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

गाडी १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, दोन दारांची. इंजिन ३५० घनइंचाचे, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८, गिअरबॉक्स टीएच-३५० ऑटोमॅटिक, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर २.७३ आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. आधीच्या मालकाने मूळचा दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर काढून चार नळ्यांचा रॉचेस्टर क्वाड्राजेट बसवला आहे. बाकी इंजिन आतून उघडल्याच्या खुणा नाहीत. ब्लॉकच्या पुढच्या पट्टीवर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे अंक ठोकलेले असून ते चासीच्या क्रमांकाशी जुळतात, म्हणजे हे इंजिन या गाडीचे स्वतःचे आहे. ही गोष्ट पुढे निर्णयात वजनदार ठरणार, हे आत्ताच नोंदवून ठेवतो.

डेट्रॉइटच्या उत्तरेला राहणाऱ्यांचा गाडी चालवण्याचा हंगाम रस्त्यावर मीठ पडेपर्यंतच असतो. तो संपत आला असल्यामुळे कामाला हिवाळा मोकळा आहे. मिशिगनमध्ये गाड्यांची धूर तपासणी नसल्याने तिचीही अडचण नाही. प्रश्न एवढाच आहे की या इंजिनाला ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचा एक टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, लावावा की नाही. १९७० च्या माहितीपत्रकातील २५० अश्वशक्ती हा आकडा ग्रॉस, म्हणजे पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर असे काहीही न जोडता मोजलेला आहे. १९७२ मध्ये कंपनीने फक्त नेट, म्हणजे हे सगळे जोडून मोजलेले, आकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा दोन नळ्यांच्या ३५० इंजिनाची शक्ती १६५ वर आली, त्यातही मधल्या काळात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण जितके पट दाबले जाते ते गुणोत्तर, उतरवलेले होते. चार नळ्यांचा कार्ब्युरेटर धरून माझ्या इंजिनाची खरी शक्ती २०० च्या आसपास मानतो. त्यावर ६ पीएसआयने फार तर २७० पर्यंत जाता येईल. टर्बो लावला की शक्ती दुप्पट होते असे समजून कोणी हे वाचत असेल, तर त्याने इथेच थांबून हा हिशेब करावा.

मी पुण्याजवळ पिंपरीला बरीच वर्षे डिझेल इंजिनांच्या कामात होतो आणि तिथे टर्बो ही रोजची वस्तू होती. डिझेलमध्ये हवा आधी दाबली जाते आणि इंधन नंतर येते. पेट्रोलमध्ये दोन्ही एकत्र दाबले जातात आणि ठिणगीच्या आधीच किंवा ठिणगीनंतर वेड्यावाकड्या जागी पेटू शकतात. त्यामुळे तिथला आत्मविश्वास इथे वापरायचा नाही, आणि मोजमापे पूर्ण होईपर्यंत टर्बोचा एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही, असा नियम घालून घेतला आहे.

२१ ऑक्टोबर

इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा कॉम्प्रेशनचा दाब तपासला. पहिल्या फेरीत सगळे आकडे ११० च्या आसपास आले आणि इंजिन संपले असे वाटून दुपार वाईट गेली. कारण साधे होते: थ्रॉटल, म्हणजे कार्ब्युरेटरमधील हवेची झडप, बंद ठेवून चाचणी घेतली होती, त्यामुळे सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नव्हती. पेडलवर लाकडाचा ठोकळा टेकवून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि बॅटरीला चार्जर जोडून पुन्हा मोजले तेव्हा सात सिलिंडर १४८ ते १५५ पीएसआयमध्ये आले, तर ७ क्रमांकाचा सिलिंडर १२८ वर अडकला.

त्यानंतर लीक-डाउन चाचणी घेतली, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला थांबवून प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि किती गळते ते पाहिले. इतरांची गळती ९ ते १३ टक्के, पन्नास वर्षांच्या इंजिनाला शोभेल अशी. सातव्याची २७ टक्के. फुसफुस ऑइल टाकायच्या तोंडातून येत नव्हती, मागे सायलेन्सरच्या नळीतून येत होती. म्हणजे रिंग ठीक आहेत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. ही चाचणी कॉम्प्रेशनच्या चाचणीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण ती नुसता आकडा देत नाही, गळतीची दिशाही सांगते.

४ नोव्हेंबर

इंजिन काढण्याआधी जागेचा अंदाज घेतला, कारण इंजिन बाहेर आल्यावर सगळीकडे जागाच जागा दिसते. एका मित्राकडून निकामी झालेला टी-४ फ्लँजचा टर्बो मागून आणला, पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या आणि इंजिनाच्या कप्प्यात टांगून पाहिले.

एकच टर्बो बसवायचा तर सोयीची जागा प्रवाशाच्या बाजूला पुढे आहे, आणि तिथे बॅटरी आहे. ती डिकीत न्यावी लागेल, म्हणजे जाड केबल, फ्यूज आणि भक्कम अर्थिंग आले. ड्रायव्हरच्या बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर पलीकडे नेणारी नळी ऑइल पॅनच्या पुढून, क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीच्या, वरून जाते. तिथे पुठ्ठा बसला, पण इंजिन रबरी माउंटवर हलते हे पुठ्ठ्याला कळत नाही. हाताने इंजिन हलवून पाहिल्यावर नळी क्रॉसमेंबरला टेकली.

सर्वांत त्रासाचा भाग मात्र तेलाच्या परतीचा आहे. टर्बोला तेल दाबाने मिळते, पण परत येते ते केवळ उताराने, आणि बेअरिंगमधून निघालेले तेल फेसाळलेले असल्यामुळे नळी जाड लागते, निदान अर्धा इंच आतील व्यासाची. ती वाटेत कुठेही खोलगट होता कामा नये आणि पॅनमधील तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. बॅटरीच्या जागी टर्बो जेवढा खाली न्यावा तेवढी वरची नळी सोपी होते, आणि तेवढाच तेलाचा उतार नाहीसा होतो. तेल साचले की ते सीलमधून धुराच्या बाजूला जाते आणि गाडी मागून निळा धूर सोडते. ज्यांना टर्बो ‘खराब निघाला’ असे वाटते, त्यांच्यातील काहींनी आधी ही नळी पाहावी.

१८ नोव्हेंबर

इंजिन बाहेर काढून स्टँडवर घेतले. ते काम सरळ झाले. हेड उतरवण्याचे झाले नाही: एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाचा बोल्ट गंजाने धरलेला होता आणि तो हेडच्या पातळीत तुटला. त्यावर नट ठेवून वेल्ड करून फिरवून पाहिला, तो नटही तुटला. शेवटी मधोमध भोक पाडून तो काढण्यात सबंध शनिवार गेला. बोल्टला हात लावण्यापूर्वी आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारे तेल आणि नंतर गॅसची ज्योत, हा क्रम पाळला असता तर बहुधा वाचलो असतो.

हेड उलटे करून पाहिल्यावर सातव्याचे कोडे सुटले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये सुमारे ६० हजारांश इंच खाली बसला आहे, आणि त्याच्या शेजारचे दोनही कमीअधिक खचलेले आहेत. या काळातील हेडमध्ये सीट म्हणून वेगळी कडी नसते, हेडच्याच बिडाला घासून सीट केलेली असते. शिसेयुक्त पेट्रोलमधील शिशाचा थर या सीटना राखत असे. ते पेट्रोल बंद झाल्यावर गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू बिडात उतरत जातो. टर्बोमुळे धुराच्या बाजूला दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, म्हणजे हे खचणे आणखी लवकर होईल. टर्बो लावा अथवा न लावा, कठीण पोलादी सीट बसवणे आता टळत नाही.

९ डिसेंबर

या नोंदीसाठी वेळ काढून वाचावे, कारण माझ्या निर्णयाचा निम्मा भाग इथे आहे.

हेडवरील कास्टिंग क्रमांक ३९३२४४१ आहे, ज्याचा ज्वलनकक्ष ७६ सीसीचा मानला जातो. मानण्यावर न थांबता प्लेक्सिग्लासची चकती ग्रीसने चिकटवली आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडून मोजले. सरासरी ७७ आली. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.००० इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३.४८ इंच असल्याने एका सिलिंडरचे आकारमान ७१६.६ सीसी होते. पिस्टनच्या माथ्यावरील व्हॉल्व्हच्या खाचा ६ सीसी. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीपेक्षा ०.०२५ इंच खाली राहतो, त्याचे ५.१ सीसी. मूळ गॅस्केट पातळ पोलादी पत्र्याचे, ०.०२१ इंच जाडीचे, त्याचे ४.५ सीसी. एकूण ९२.६, आणि त्यावरून कॉम्प्रेशन ८.७ होते. कागदावर ९.० लिहिलेले असते.

८.७ वर ६ पीएसआय म्हणजे अशक्य काहीच नाही, पण निश्चिंतीही नाही. म्हणून साहजिक विचार असा आला की ०.०३९ इंचाचे जाड गॅस्केट लावावे. ते लावले तर कॉम्प्रेशन ८.४ होते, आणि कागदावर बरे दिसते. परंतु पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यातील फट, जी आत्ता ०.०४६ इंच आहे, ती ०.०६४ होते. ही फट लहान असते तेव्हा पिस्टन वर येताना तिथले मिश्रण पिळून प्लगकडे ढकलले जाते, खळबळ होते, ज्वाला भराभर पसरते आणि कडेला न पेटलेले मिश्रण मागे राहत नाही. फट वाढली की नेमके कडेचे मिश्रण दाबाखाली शिजत राहते आणि स्वतःहून फुटते, त्यालाच नॉकिंग म्हणतात. म्हणजे नॉकिंग टाळण्यासाठी कॉम्प्रेशन तीन दशांशाने उतरवायचे आणि त्याच हाताने नॉकिंगला जागा करून द्यायची. जाड गॅस्केट हा टर्बोवरील स्वस्त उपाय म्हणून सर्रास सांगितला जातो. या इंजिनापुरते तरी माझे मत त्याच्या पूर्ण विरुद्ध झाले आहे.

मूळ पत्र्याचे गॅस्केट ठेवावे, तर ते दाबाच्या इंजिनात टिकण्यासाठी बनवलेले नाही. बहुस्तरीय पोलादी गॅस्केट टिकते, पण त्याला ब्लॉक आणि हेड या दोन्हींचा पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो. ब्लॉकचा पृष्ठभाग घासून थोडा उतरवला तर फट जमते आणि कॉम्प्रेशन पुन्हा वर जाते. ते खाली आणायला माथ्यावर खोलगट वाटी असलेले पिस्टन लागतात. शिवाय ब्लॉकच्या पुढच्या पट्टीवर ठोकलेले अंक याच पृष्ठभागावर आहेत. बेफिकिरीने घासले तर ते जातात, आणि एकदा गेले की गेले.

३० डिसेंबर

सातव्या सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढला. कास्ट ॲल्युमिनियमचा आहे, त्या काळच्या साध्या ३५० मध्ये असायचा तसाच. फोर्ज केलेले पिस्टन कंपनीने जास्त शक्तीच्या आवृत्त्यांसाठी राखून ठेवले होते. रिंगच्या खाचा शाबूत आहेत. वरची रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधील फट मोजली, ०.०१८ इंच भरली. साध्या इंजिनाला बोअरच्या प्रत्येक इंचामागे ४ हजारांश, म्हणजे ०.०१६ इंच पुरते. टर्बोच्या इंजिनाला ६ हजारांशच्या हिशेबाने ०.०२४ लागते, कारण रिंग जास्त तापून फुगते, तिची टोके एकमेकांना भिडली की ती बोअरला खरवडते किंवा पिस्टनची कड उचकटते. रिंग कानशीने घासून फट वाढवता येईल. कास्ट पिस्टनचा ठिसूळपणा मात्र कानशीने जात नाही. नॉकिंगचे थोडे फटके फोर्ज केलेला पिस्टन सहन करतो, कास्ट पिस्टनच्या रिंगांमधील भिंत तुटते, आणि तुटण्यापूर्वी सूचना देत नाही.

बोअरची झीज ४ हजारांश आहे. आहे त्या पिस्टनवर साधे इंजिन चालवायला हे चालेल. नवे पिस्टन घालायचे असतील तर बोअर वाढवणे आले.

६ पीएसआय दाबल्यावर हवा किती तापते तेही काढले. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २७ अंश सेल्सिअसची हवा ७० अंशांच्या आसपास पोहोचते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लावल्याशिवाय ती थेट इंजिनात सोडणे ८.७ कॉम्प्रेशनवर मला पटत नाही. इथल्या पंपावरचे सर्वांत चांगले पेट्रोल ९३ ऑक्टेनचे असते. भारतातील वाचकांनी लक्षात घ्यावे की अमेरिकेत हा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, त्यामुळे भारतातील पद्धतीने तो साधारण ९७-९८ होईल. पेट्रोल वाईट नाही, पण त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन चालणार नाही.

याच राज्यातील कंपनीने साठ वर्षांपूर्वी ही मर्यादा दुसऱ्या मार्गाने ओलांडून पाहिली होती. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही २१५ घनइंचाच्या ॲल्युमिनियम व्ही-८ ला टर्बो लावून विकलेली गाडी. तिचे कॉम्प्रेशन १०.२५ होते, म्हणून नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. टाकी भरून ठेवणे मालकाचे काम होते, आणि मालक ती भरत नसत. ती गाडी १९६३ नंतर बंद झाली. पुढे १९८७ च्या ब्युइक ग्रँड नॅशनलने ३.८ लिटरच्या व्ही-६ मधून २४५ अश्वशक्ती व्यवस्थित काढली, पण तिच्यात कॉम्प्रेशन ८.० वर आणलेले होते, इंटरकूलर होता, इंधन संगणकाच्या ताब्यात होते आणि नॉकिंग ऐकून ठिणगी मागे घेणारा सेन्सर होता. माझ्याकडे या चारपैकी एकही गोष्ट नाही. आहे तो सिलिंडरांना ठिणगी वाटणारा १९७० चा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर.

२० जानेवारी २०२४

इंधन. क्वाड्राजेट तसाच ठेवून त्यातून दाबाची हवा फुंकायची, तर त्याच्या थ्रॉटलच्या दांड्याच्या फटींतून हवेबरोबर पेट्रोलही बाहेर येऊ शकते, फ्लोट दाबाला टिकायला हवा, आणि पेट्रोलचा दाब कायम टर्बोच्या दाबापेक्षा सुमारे ६ पीएसआयने जास्त राहायला हवा. म्हणजे ६ पीएसआय बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) १२ लागेल, जो इंजिनावरचा यांत्रिक पंप देत नाही. उलट मांडणी, म्हणजे कार्ब्युरेटरमधून टर्बोने ओढायचे, ही सोपी दिसते. पण मग इंटरकूलर लावता येत नाही, कॉम्प्रेसरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचे सील असलेला टर्बो लागतो, आणि इथल्या एप्रिलच्या थंडीत लांब नळीत पेट्रोल थेंब होऊन बसते. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी आणि टाकीतील पंप हाच सरळ रस्ता दिसतो. ठिणगीसाठी दाबाच्या प्रत्येक पीएसआयमागे साधारण एक अंश मागे घेणारी यंत्रणा लागेल, ती याच प्रणालीत येते.

मग सगळ्यांचे भाव मागवले. टर्बो आणि जादा दाब सोडणाऱ्या दोन झडपा, म्हणजे वेस्टगेट आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, मिळून १,४०० डॉलर. नळ्या, फ्लँज, वेल्डिंग आणि इंटरकूलर १,५००. इंजेक्शन, पंप आणि टाकीचे काम २,३००. इग्निशन ५५०. फोर्ज केलेले पिस्टन, रिंग आणि रॉडचे बोल्ट १,१५०. ब्लॉकचे मशिनिंग आणि संतुलन १,५००. हेड ८५०. गॅस्केट आणि स्टड ४००. गिअरबॉक्सची दुरुस्ती १,९००, कारण पन्नास वर्षांच्या क्लचपट्ट्यांवर वाढीव टॉर्क टाकायचा नाही. मागचा ॲक्सल १,६००. मोठा रेडिएटर ४५०. एकूण १३,६०० डॉलर, आणि त्यात ब्रेक नाहीत. ज्या वस्तूच्या नावाने हा सगळा विचार चालला आहे, तिचा वाटा या रकमेत दहा टक्क्यांच्या आसपास आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते असे.

आणि हे सगळे २०० वरून २७० अश्वशक्तीसाठी.

३ फेब्रुवारी

सल्ला मागितला की प्रत्येक जण एकच उत्तर देतो: शेव्हरोलेच्या ट्रकमधील १९९९ ते २००७ दरम्यानचे ५.३ लिटरचे लोखंडी इंजिन भंगारातून आणा आणि त्याला टर्बो लावा. उत्तर चुकीचे नाही. त्या इंजिनात क्रँकशाफ्टला आवळून धरणारी प्रत्येक मेन कॅप सहा बोल्टांनी धरलेली असते, इंजेक्शन आणि नॉक सेन्सर कंपनीकडूनच येतात, आणि किंमत माझ्या हेडच्या कामापेक्षा थोडीच जास्त पडते. टर्बोच हवा असेल तर हाच मार्ग घ्यावा, असे मीही सांगेन. मला या गाडीत तिचेच इंजिन हवे आहे, म्हणून हा पर्याय इथे संपतो.

१७ फेब्रुवारी

निर्णय झाला. या ब्लॉकला टर्बो लावायचा नाही.

तो ज्या हिशेबाने झाला तो मांडतो, कारण असा हिशेब मला इतरांच्या कामात फारसा दिसला नाही. ६ पीएसआय बूस्टने इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या १.४१ पट होतो. उष्णता आणि मागचा दाब वजा करता प्रत्यक्ष टॉर्कची वाढ त्याहून कमी असते. आता टीएच-३५० चा पहिला गिअर २.५२ आणि ॲक्सल २.७३, यांचा गुणाकार ६.८८. त्याऐवजी चार गिअरांचा २००-४आर गिअरबॉक्स, ज्याचा पहिला गिअर २.७४ आहे, आणि ३.५५ चा ॲक्सल धरला तर गुणाकार ९.७३ येतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चाकावर पोहोचणारा जोर ४१ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्यात ३४ आणि तिसऱ्यात ३० टक्क्यांनी. चौथा गिअर ०.६७ चा असल्यामुळे हायवेवर ताशी ७० मैलांना इंजिन आत्ता जिथे सुमारे २,४२० फेऱ्यांवर फिरते, तिथे २,११० वर फिरेल.

यात फसवणूक नको: गिअर बदलून अश्वशक्ती एकानेही वाढत नाही, आणि ताशी ८० मैलांच्या पुढे ओव्हरटेक करताना टर्बोची गाडी मला मागे टाकेल. पण ही गाडी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल आणि आसपासच्या दुपदरी रस्त्यांवर चालते. तिथे ३० ते ५० मैलांमधील ओढ महत्त्वाची, आणि ती कास्ट पिस्टनवर दाब न टाकता मिळते. २००-४आर हाच गिअरबॉक्स ग्रँड नॅशनलमध्ये होता, याचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. टर्बोच्या गाडीतील एवढाच भाग माझ्याकडे आला.

ब्रेकचा खर्च दोन्ही वाटांवर होता. साडेनऊ इंची ड्रम दोनदा जोरात दाबले की तिसऱ्यांदा पेडल कडक आणि ब्रेक मऊ होतात. हा खर्च मी सुरुवातीच्या यादीत धरलाच नव्हता, हे आता विचित्र वाटते.

२३ मार्च

हेड मशिन शॉपमधून आले. आठही एक्झॉस्टला कठीण सीट, नवे व्हॉल्व्ह, गाइड, सील. हेडचा पृष्ठभाग फक्त सपाट होण्यापुरताच घासला. ८५० डॉलर झाले, पण सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी नंतर मिळाले; या भागातील सगळी मशिन शॉप वसंतापूर्वी तुंबलेली असतात, तेव्हा हेड नाताळापूर्वी द्यावे.

गॅस्केट पुन्हा पातळ पोलादीच लावले, दोन्ही बाजूंनी सीलंटचा पातळ हात देऊन, म्हणजे ०.०४६ इंचाची फट तशीच राहिली. सातव्याचा बोअर हलका होन करून (घोटून) त्याचा पिस्टन नव्या रिंगसह परत घातला, बाकीच्यांना हात लावला नाही. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासला नाही, अंक शाबूत आहेत.

२७ एप्रिल

पुढे ११ इंची डिस्क, नवे स्पिंडल, मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकांत दाब वाटणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, १,०५० डॉलर. गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या सोडवताना तुटल्या, त्या सगळ्याच नव्या वाकवल्या. हे गृहीतच धरावे.

गिअरबॉक्स, इंजिनाला त्याच्याशी जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरसह, २,४००. २००-४आर ची एकूण लांबी टीएच-३५० एवढीच असल्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट तोच चालला. माउंटची जागा मात्र मागे असते, म्हणून क्रॉसमेंबर सरकवून चासीत नवी भोके पाडली. ३.५५ चे गिअर २.७३ च्या कॅरियरवर बसत नाहीत, तेव्हा कॅरियरही बदलला, मजुरीसह १,१००. हेड आणि ७० डॉलरचे गॅस्केट धरून सगळे मिळून ५,४७० डॉलर.

या गिअरबॉक्समध्ये एक जागा जीवघेणी आहे. कार्ब्युरेटरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नावाची तार जाते. टीएच-३५० ची केबल फक्त किकडाउनसाठी, म्हणजे पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडण्यासाठी, असते आणि ती ढिली राहिली तरी फारसे बिघडत नाही. ही केबल आतील तेलाचा दाब ठरवते. ती ढिली राहिली की थ्रॉटल दाबला तरी दाब वाढत नाही, क्लच घसरतात आणि नवा गिअरबॉक्स काही मैलांत जळतो. पहिल्या फेरीत गिअर फार लवकर आणि फार मऊ पडत होते. काही जणांना ते सुरेख वाटले असते. गाडी थांबवून दाबाचा गेज जोडला, तर थ्रॉटल अर्धा उघडूनही काटा जेमतेम हलत होता. जुन्या क्वाड्राजेटच्या लिव्हरवर केबल अडकवण्याची खुंटी चुकीच्या त्रिज्येवर होती. नंतरच्या काळातील लिव्हर आणि कंस मिळवून बसवल्यावर पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ताणली जाऊ लागली आणि दाब वाढला. गेज न लावता हा गिअरबॉक्स रस्त्यावर नेऊ नये.

१८ मे

सातव्याचे कॉम्प्रेशन १५२. थंड इंजिनाची खडखड नाही, ९३ ऑक्टेनवर ठिणगीच्या ३६ अंश एकूण ॲडव्हान्सला नॉकिंग नाही. कन्व्हर्टरच्या लॉक-अपची वायर प्रेशर स्विचवरून नेली आहे. चौथ्यात ५० मैलांच्या आत लॉक झाले की गाडी कण्हते, म्हणून स्विचच्या पुढे एक व्हॅक्यूम स्विच घालायचा आहे.

सिग्नलवरून निघताना फरक पहिल्याच चौकात कळतो. ७० मैलांवर टॅकोमीटर २,१०० दाखवतो, हिशेबाप्रमाणे. स्पीडोमीटर मात्र तेव्हा ९० च्या पुढे असतो, कारण ॲक्सल बदलला आणि गिअरबॉक्सच्या शेपटीतील स्पीडोमीटरचा प्लास्टिक गिअर बदलायचा राहिला. दातांची संख्या टायरच्या फेऱ्यांवरून काढून नवा मागवला आहे, तो येईपर्यंत जीपीएसवर वेग बघतो. मित्राचा निकामी टर्बो अजून माझ्या फळीवर आहे; त्याने ट्रकचे ५.३ आणले आहे आणि त्याला तो नमुना म्हणून परत हवा आहे. त्याच्या तेलाच्या परतीच्या नळीचे चित्र मी पुठ्ठ्यावर काढून दिले आहे.